ज्याचं ताट त्याला

आपलं ताट ओळखल्याशिवाय चांगूमावशीच्या हातची खिचडी कुणाला मिळत नसे. अकरा वाजता ती अंगणवाडीच्या ओसरीवर स्टीलची वीस ताटं पसरायची, दोन्ही हातांनी इकडची तिकडे करायची आणि डाव घेऊन पातेल्याशी उभी राहायची. प्रत्येक ताटाच्या कडेवर एकेका पोराचं नाव कोरलेलं होतं. तीन ते सहा वर्षांची ती पोरं ताटांवर तुटून पडायची. कुणी दुसऱ्याचं ताट घेऊन पुढे आलं, की मावशी डाव मागे घ्यायची. "ह्ये कोनाचं हाय? त्याला देऊन ये, मंग बघू." ज्याला आपलं सापडत नसे त्याला बाकीचे शोधून देत, त्यामुळे उपाशी कुणी राहत नसे. पण गलका असा, की खालच्या शेतावरची माणसं मान वर करून बघत.

मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला तो आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी पहिलीची शिक्षिका. टोकावड्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा लागते, आणि शाळेमागच्या चढावर ठाकर आदिवासींची ही वाडी. मी राहते शहापूरला; किन्हवली, सरळगाव करत रोज स्कूटीवर येते, आधी एसटीनं यायची. वीस वर्षांहून जास्त काळ एकाच शाळेत काढल्यावर माणसाला जो ताठा येतो, तो मला भरपूर आला होता. पुढच्या जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांची यादी करायला मी दिवाळीनंतर वाडीवर गेले होते. एवढ्याशा पोरांना जेवणासाठी असं तिष्ठत ठेवतात का, असं मी मावशीला विचारलं. "बाई, तुमची पोरां घंटा व्हईस्तवर थांबतात. माजी नाव सापडंस्तवर थांबतात," असं म्हणून ती वाढायला लागली.

चांगुणा तिचं नाव. साठीच्या घरातली, वाळक्या अंगाची, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. आवाज मात्र दोन माणसांचा. ती अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनिसाचं काम म्हणजे झाडलोट करायची, पाणी भरायचं, पोरांना घरोघरून गोळा करून आणायचं आणि खिचडी शिजवायची. शिकवायचं काम सेविकेचं. सेविका नंदाताई कामसू होत्या, पण कुठल्या पोराचं वजन किती, कोण आलं, कोण नाही, ही सगळी माहिती मोबाइलमध्ये भरायची आणि वाडीत रेंज नाही. त्यांचा अर्धा दिवस टेकडीवरच्या आंब्याखाली हात उंच करण्यात जायचा. "ताई टेकडीवर, पोरां माज्यापाशी," मावशी म्हणायची. "त्यांना काय माश्या मारत बसवू?" मदतनिसानं शिकवणं नियमात बसत नाही, हे मी एकदा तिच्या कानावर घातलं. "मंग नियमाला सांगा, तू येऊन शिकव म्हनून," ती म्हणाली.

शाळेत ती स्वतः एक दिवसही गेली नव्हती. लहानपणी खालच्या गावात, भातशेतीवाल्या एका मोठ्या घरी ती भांडी घासायला होती. त्या घरात लग्नात आणि बारशाला आलेली भांडी फडताळं भरून होती आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव घातलेलं. राखेनं घासताना तिची बोटं त्या अक्षरांवरून फिरायची. ही कळशी कुणी दिली, हा डबा कुणी दिला, असं ती घरातल्या म्हातारीला विचारायची. म्हातारी सांगायची आणि ही पुन्हा बोटानं चाचपून बघायची. "आधी बोटाला कललं, मंग डोल्याला," असं ती सांगायची. बारा-तेराव्या वर्षी तिला वाचता यायला लागलं आणि त्या घरात कुणाला पत्ताही लागला नाही. मी डी.एड. झालेली बाई, वाचन कसं शिकवावं यावरची किती प्रशिक्षणं मी केली त्याची गणती नाही. बोटाचं हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

ताटं सरकारी होती. ती तिनं पोत्यात घालून सरळगावच्या बाजारात नेली आणि भांड्यांवर नावं घालणाऱ्यासमोर ओतली. करण, काजल, सुनील, राधा, गंगा, अशी एकेक नावं सांगत ती त्याच्या शेजारी बसून राहिली. एका ताटाशी घोडं अडलं. "ऐश्वर्या बोलले तसा त्याचा हातच थांबला," ती हसत सांगायची. "मी बोलले, नाव ठेवनाऱ्यानं ठेवलं, आता तुजी मशीन मोडली तरी घाल." वाडीतल्या आया हल्ली टीव्हीतली नावं ठेवतात आणि त्याचा भार पोरांवर पडतो, अशी तिची तक्रार होती. तिच्या नातीचं नाव मोना. ते तिनंच ठेवलं होतं, दोन अक्षरांत काम होतं म्हणून.

पुढच्या खेपेला मी गेले ती पाटी आणि खडू घेऊनच. पोरं ताटं ओळखत होती यात शंका नव्हती, पण पहिलीला शिकवणाऱ्या बाईचं तेवढ्यानं समाधान होत नाही. मी पाटीवर 'सुनील' लिहिलं आणि सुनीलसमोर धरलं. तो पाटीची चौकट बघत राहिला. 'काजल' लिहिलं, तर काजल माझ्या बांगड्या मोजायला लागली. मग मी सुनीलला त्याचं ताट कशावरून ओळखतोस ते दाखवायला सांगितलं. त्यानं बोट ठेवलं ते नावावर नव्हे, शेजारच्या पोच्यावर. काजलच्या ताटाला तळाशी लांब चरा होता. ऐश्वर्याच्या ताटाची कड वाकलेली होती. त्या जुन्या ताटांना प्रत्येकाची एकेक खोड होती आणि पोरांनी ती खोड पाठ केली होती. "मावशी, ही नावं वाचतच नाहीत," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

मावशीनं पोरांची जेवणं होऊ दिली, ताटं घासली, ओळीनं पालथी घातली आणि ती घरून वरवंटा घेऊन आली. मग एकेक ताट पायरीवर ठेवून तिनं हाणायला सुरुवात केली. वीसच्या वीस. जिथं पोचा होता तिथं दुसरा पाडला, जिथं नव्हता तिथं दोन. आवाज ऐकून नंदाताई टेकडीवरून धावत आल्या. "अगं मावशी, सरकारी ताटं आहेत ती," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाय," असं म्हणून मावशीनं शेवटच्या ताटावर वरवंटा मारला. मग घाम पुसत माझ्याकडे वळली. "बाई, तुमी बोललात त्ये खरं हाय. माजी चूक झाली. आता पोचा बघून कोन उचलतंय बघू."

मला तो आक्रस्ताळेपणा वाटला. एवढा हट्ट कशाला, मी म्हटलं, जूनमध्ये ही पोरं माझ्याकडेच येणार आहेत, मी शिकवीन की त्यांना. तेव्हा ती पायरीवर बसली आणि वरवंटा मांडीवर घेतला.

"माजी सुगंधा आली व्हती तुमच्याकडं," ती म्हणाली.

"कोण सुगंधा?"

"त्येच तं. दाराशी बसवली व्हती तुमी तिला. आमच्या वाडीची सगली पोरां दाराशी. गावची वाचाची नि आमची बाहेर बघाची. एक दिस मधीच उठली नि घरी आली, ती परत गेली नाय. तुमाला पत्ता पन नाय." वरवंटा पायरीवर ठेवत ती म्हणाली, "मोना तिची पोर. ती दाराशी बसनार नाय. नाव वाचतच येनार तुमच्याकडं." हे ती रागानं म्हणाली नाही. उद्या भात कांडायचाय असं सांगावं तशी म्हणाली.

त्या संध्याकाळी किन्हवली येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. वाडीची मुलं उशिरा येतात, येता-जाता बाकीच्यांना त्रास नको म्हणून दाराशी बसतात, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. सुगंधाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. दारातला उजेड आणि त्यात पाठमोरी पाच-सहा डोकी, एवढंच आठवलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मावशीचा आणखीच राग आला.

मावशीनं आता ताटं घरोघर फिरवायला काढली. घरी जाताना प्रत्येक पोराच्या हातात ती दुसऱ्याच कुणाचं तरी ताट द्यायची. कुणाचं ते सांगायचं नाही. घरच्यांनी मिळून नाव लावायचं आणि सकाळी ज्याचं ताट त्याला नेऊन द्यायचं. पहिले आठ दिवस वाडीत नुसता गोंधळ चालला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या आया वाचणाऱ्याच्या शोधात फिरत होत्या आणि चौथी-पाचवीतली भावंडं भाव खात होती. "खिचडी शिजव नि गप बस ना गो," असं एका बाईनं तिला सुनावलं. "तुज्या पोराचं ताट तीन दिस दुसऱ्याच्या घरात पडलंय, गप कशी बसू?" मावशी म्हणाली. एकदा सत्तरीच्या पांडूबाबानं रस्त्यात हात करून माझी स्कूटी थांबवली. काखेतलं नातवानं आणलेलं ताट पुढे करून तो म्हणाला, "बाई, ह्ये राधाचं ना? नुसतं व्हय का नाय, त्येवढंच बोला." मी होय म्हटलं. तो मान हलवत चढाला लागला, राधाच्या घराकडे.

ह्या सगळ्याचं मला मनातून कौतुक वाटत असूनही मी घाण केलीच, तीही सांगायला हवी. शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत मी ताटांची गोष्ट रंगवून सांगितली. पोचे, वरवंटा, सगळं. लोक पोट धरधरून हसले. ती गोष्ट तोंडोतोंडी वर गेली आणि वर कुणी हसलं नाही. जानेवारीत अंगणवाड्यांच्या तालुका ऑफिसातून मावशीच्या नावे कागद आला: शासकीय साहित्य विद्रूप केले, नेमून दिलेले काम सोडून अध्यापन केले, सेवा समाप्त का करू नये याचा खुलासा सादर करावा. तिच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. इतकी वर्षं राबून शेवटी हाकलून दिली, असं नावावर लागणार होतं. नंदाताई रडकुंडीला आल्या. मी माफीचं लिहून देते, तू खाली अंगठा कर, असं त्या म्हणाल्या. मावशीनं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

तिला वाचता यायचं, पण लिहायची सवय नव्हती. एकेक अक्षर तिनं इतकं दाबून लिहिलं, की कागदाच्या मागूनही ते बोटाला लागत होतं. खुलासा तीन ओळींचा झाला. 'ताटांवर नावं मी घातली. पोचे मी पाडले. पोरां वाचतात का नाय ते येऊन बघा.' खाली सही केली, चांगुणा. ही बातमी माझ्या तोंडून फुटली, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं. "म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमचं तोंड मोठं हाय. बरं झालं. आता साहेब येतील. नायतं आमच्या वाडीवर कोन चढतंय."

साहेब मार्चमध्ये आले. गाडीतून वीस कोरी ताटं घेऊन आले, नाव नाही, पोचा नाही. या वयात वाचन अपेक्षितच नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. पोच्यांचा शोध मी लावला होता, तेव्हा परीक्षाही मीच घ्यावी असं ठरलं. मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्यांवर हजेरीतली नावं लिहिली. मोनाचं नाव मात्र लिहिलं नाही. त्याऐवजी एका चिठ्ठीवर मी ताटांवर कधीच नसलेलं एक नाव लिहिलं. पाठ केलेलं कुठलं आणि वाचलेलं कुठलं हे बघायचं तर पोरासमोर कोरं नाव ठेवावं लागतं, असं मी साहेबांना म्हटलं. तेच नाव माझ्या हातून का उतरलं, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

चिठ्ठ्या ओसरीवर पसरल्या. पोरांना वाटलं, रोजचाच खेळ. सुनीलनं एक चिठ्ठी उचलली, ओठ हलवले आणि करणच्या हातात दिली. काजलनं गंगाची चिठ्ठी गंगाला दिली. ऐश्वर्याची चिठ्ठी तिघांनी डोकी लावून सोडवली. तीन वर्षांची दोन बारकी पोरं चिठ्ठ्या चघळत बसली, ती सोडली तर बाकीच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्याकडे पोचल्या. शेवटी मोना राहिली. पाच वर्षांची, वाहतं नाक, फ्रॉकची बटणं तुटलेली. ती चिठ्ठीवर बोट ठेवून बराच वेळ उभी होती. बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर जात होतं. मग तिनं सगळ्या पोरांकडे एकदा बघितलं आणि ती सरळ दारातून बाहेर निघून गेली.

"ही पळाली," साहेब म्हणाले आणि कागदावर काहीतरी खूण केली. दारातून निघून गेलेलं पोर माझ्या वर्गातही होतं आणि तेव्हा मी मान वर करूनही बघितलं नव्हतं. मी तिला आणायला उठले, तशी मावशीनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "थांबा," ती म्हणाली. चिठ्ठीत काय आहे ते तिला माहीत नव्हतं. पण मोना तिला माहीत होती.

दहा मिनिटं गेली असतील. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग मोना आली. एका हातात चिठ्ठी आणि दुसऱ्या हातानं एका तरण्या बाईला ओढत. बाई अंगण सारवत असणार, तिचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले होते. "आये, ह्ये तुजं हाय," असं म्हणत पोरीनं चिठ्ठी तिच्या त्या हातात कोंबली. बाई दारातच थांबली. चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, माजं नाव कोनी लिवलं?" सुगंधानं विचारलं.

सु सुनीलचा, गं गंगाचा, धा राधाचा. तीन ताटं जोडून पोरीनं आपली आई शोधून आणली होती. साहेबांनी केलेली खूण खोडली, ते मी पाहिलं. मी लिहिलं, असं मी सुगंधाला सांगितलं. ती अजून दाराशीच उभी होती. आत ये, माझ्या शेजारी बस, असं मी तिला म्हटलं. हे म्हणायला मला वीस वर्षं उशीर झाला होता, आणि तेही मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. ती हात धुऊन आली आणि बसली. मावशी आमच्याकडे न बघता खिचडी ढवळत होती.

साहेब माणूस वाईट नव्हते. नोकरीचा विषय तिथंच मिटला. पण फाइल बंद करायला काहीतरी लागतं, म्हणून विद्रूप झालेली ताटं ऑफिसात जमा करावीत आणि पुन्हा असा प्रकार करू नये, असा कागद आला. मे महिन्यात पुन्हा विचारणा झाली, की ताटं अद्याप जमा झालेली नाहीत. मावशीनं उत्तर सांगितलं आणि नंदाताईंनीही आता भीड सोडून ते जसंच्या तसं लिहिलं: 'ताटे जमा केली आहेत. ज्याची त्याला.'

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मावशी वाडीची सहा पोरं घेऊन स्वतः खाली आली. आमच्याकडे दुपारच्या जेवणाला घरून ताट आणावं लागतं. सहाही जणांच्या दप्तरात आपापलं पोचे पडलेलं ताट होतं. मी वर्ग आदल्या दिवशीच लावून ठेवला होता. पोरं आत शिरली आणि कुणी मोठ्यांनी सांगितलं असणार, दाराशी बसायला लागली. तिथं माझी खुर्ची होती. "ही जागा आमची हाय," मोना मला म्हणाली. "आता माझी आहे. तुम्ही पुढे बसा," मी म्हटलं. मावशी दाराबाहेर उभी राहून बघत होती. "मी हितं हाय तवर बसून दाखवा," ती मला म्हणाली. मी बसले. तिनं पदर खोचला आणि ती चढाला लागली. खुर्ची अजून तिथंच आहे.

पुढच्याच महिन्यात मावशी निवृत्त झाली. तिच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, पण नवी आहे, कागदाला घाबरते. साहेबांची कोरी ताटं तशीच कोरी राहिली आणि अंगणवाडीत पुन्हा ज्याच्या हाती जे लागेल त्यात पोरं जेवायला लागली. दिवाळीनंतर मी एका सुट्टीच्या दिवशी ती ताटं पोत्यात भरली, नंदाताईंनी नावांची यादी दिली, आणि मावशीला मागे बसवून मी सरळगावला निघाले. पोतं तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. अर्ध्या वाटेत ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, ताटं सरकारची हायेत. तुमाला खुलासा मागतील."

"मागू देत. लिहीन मी," मी म्हटलं.

"लिवा," ती म्हणाली. "पन तीन ओलींच्या वर लिवू नका."